आई तेवढी ठेवा

सराईच्या दारावर कुणीतरी गिलाव्यात एका बाईचं चित्र काढलं. चेहरा उघडा. बातमी मशिदीपर्यंत गेली आणि पगड्या खडबडून जाग्या झाल्या. धर्म बुडाला, धावा! मंडळी धावली. एकाने पाणी आणलं, दुसऱ्याने माती, चिखल कालवला गेला आणि गिलाव्यातल्या बाईला मातीचा बुरखा चढला. ओंजळभर चिखलावर शरीयत वाचली. वर कवी साळसूदपणे म्हणतो, असले धुरंधर राखणीला बसलेले असताना या लोकांना देशाची चिंता का म्हणून वाटावी?

कवी ईरज मिर्झा. मुलूख इराण. काळ 1874 ते 1926. आणि खरी गंमत पुढेच आहे. ही कविता वाचून खो खो हसणाऱ्यांनी गेल्या शंभर वर्षांत त्याच्याच काव्यसंग्रहाला हाच चिखल फासला, आणि फासताना कुणाच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. त्यात पगडीवाले होते हे सांगायला नको. पुण्या-मुंबईत बसून इराणी मुल्लांना शिव्या घालायला काही धाडस लागत नाही, त्यामुळे त्या कामात मजाही नाही. माझं खरं भांडण आहे ते टाय लावून चिखल कालवणाऱ्यांशी. सुधारक, पुरोगामी, पाठ्यपुस्तकवाले, ‘निवडक ईरज’ छापणारे. प्रत्येकाच्या हातात कात्री, आणि प्रत्येकाची समजूत अशी की कात्री फक्त समोरच्याच्या हातात आहे.

पण आधी घरचं बघू. मराठी माणसाला इराण म्हटलं की दोन गोष्टी आठवतात, बनमस्का आणि उमर खय्याम. एक संगमरवरी टेबलावरचा, दुसरा कॅलेंडरातला. फारसी कविता म्हणजे सुरा, साकी, गुलाब, बुलबुल आणि वरून अध्यात्माचा शिडकावा, ही आपली ठाम समजूत. माधव जूलियनांनी 1925 साली फारसी-मराठी कोश काढला, खय्यामच्या रुबाया थेट फारसीतून मराठीत आणल्या, मराठीत गझल रुजवली. उपकार थोर आहेत. पण त्याच 1925 साली इराणात एक जिवंत, पगारावर कुरकुरणारा, तोंडाळ कवी फारसी पद्याला चौकातल्या बोलीवर आणून उभं करत होता, याची आपल्या साकीभक्तांना गंधवार्ता नव्हती. इकडे अत्रे ‘झेंडूची फुले’ उधळत होते. दोघांची गाठ पडायला हवी होती. बाकीच्या कवींना पळता भुई थोडी झाली असती.

तर ईरजचा जन्म तब्रीझचा. पणजोबा साक्षात फतेह अली शाह, काजार घराण्याचे बादशहा आणि शंभरावर मुलांचे तीर्थरूप. त्यामुळे ईरज शहजादा निपजला यात विशेष काही नाही. इराणात तेव्हा म्हणच होती की उंट, ऊ आणि शहजादा, जाल तिथे सापडतो. आजोबा कवी, वडील दरबारी कवी. शिक्षण चोख. फारसी, अरबी, तुर्की घरच्या, फ्रेंच शिकून घेतलेली. सोळाव्या वर्षी लग्न झालं, एकोणिसाव्या वर्षापर्यंत बायको गेली आणि वडीलही गेले. वडिलांच्या मागे दरबारी कवीची गादी पोराच्या गळ्यात. काम काय? सणवार आला की युवराजांवर एक कसीदा. युवराज कसेही असोत, कसीद्यात ते सूर्य. ईरजला याची शिसारी आली आणि त्याने सरळ कचेरी गाठली. इथे टाळ्या वाजवायला हात उचलला असेल तर खाली घ्या. दरबार सुटला, कसीदा काही सुटला नाही. पुढे आयुष्यभर ज्या वजिराकडून नेमणूक वा बढती निघेल असं वाटलं, तो वजीर पद्यात सूर्य झालाच. फरक इतकाच की हे सूर्य वारंवार बदलत.

नोकरी कुठे? तर काही काळ जकात खात्यात. इराणची जकात तेव्हा बेल्जियन साहेबांच्या ताब्यात होती आणि वर मुख्य साहेब जोझेफ नाउस. या महाशयांनी एका वेशांतराच्या पार्टीत मुल्लाची पगडी-झगा चढवून फोटो काढून घेतला. 1905 साली तो फोटो बाहेर फुटला आणि आधीच तापलेल्या इराणात भडका उडाला. देशाची तिजोरी परक्यांकडे आहे यावर ओरड होतीच, नाही असं नाही. पण जे रक्त पगडीने उसळलं ते जकातीच्या आकड्यांनी कधी उसळलं नव्हतं. असल्या देशात विनोदी कवीला विषय शोधावे लागत नाहीत, फक्त कचेरीत वेळेवर जावं लागतं.

ईरज गेला. तीसेक वर्षं जात राहिला. जकात झाली, शिक्षण खातं झालं, शेवटी खुरासानच्या वसूल खात्यात मशहदला. त्या चाकरीचा हिशोब त्याने ‘इन्किलाब-ए-अदबी’ या मसनवीत मांडलाय. नाव वाङ्मयीन क्रांतीचं, आत कारकुनाचं रडगाणं. हिशोब इतका निर्लज्ज की लांड्यालबाड्याही स्वतःच्याच खात्यावर जमा. आणि भाषा बघा. हिवाळा आणि उन्हाळा फ्रेंचमध्ये, फाईल फ्रेंच, खोका फ्रेंच, शेरे फ्रेंच, चौकशी फ्रेंच, आणि हे सगळं हजार वर्षांच्या फारसी वृत्तात यमक साधून इमानेइतबारे बसवलेलं. सादीच्या भाषेत टाचण्या! ज्या नवकवींना परके शब्द घुसवले की क्रांती झाली असं वाटत होतं, त्यांचा याहून सुरेख सत्कार मी तरी पाहिलेला नाही. शिवाय सत्कार करणाऱ्याला वृत्त येत होतं. सत्कारमूर्तींना ते यायचंच असं नाही.

आता मुख्य प्रकरणाकडे येऊ. साल 1921, मशहद. खुरासानात कर्नल मुहम्मद तकी खान पेसियान यांचा अंमल. तेहरानकडून आरिफ कझविनी येतो. आरिफ म्हणजे काही ऐरागैरा नव्हे. घटनात्मक क्रांतीचा गायक. गीत त्याचं, चाल त्याची, गळा त्याचा, आणि मैफलीत रडायचं काम राष्ट्राचं. ईरजचा जुना दोस्त. दोस्त गावात आला की दोस्ताकडे उतरतो, ही रीत. आरिफ उतरला कर्नलच्या पाहुणचारात, एका बागेत. वर बाग-ए-मिल्लीत जाहीर मैफल ठोकली आणि तिथे काजार घराण्याची सालटी काढली. घराण्याची लायकी काय होती? उभा इराण त्यांच्या नावाने बोटं मोडत होता. पण घरची ऊ घरच्यांनी मारावी, पाहुण्याने नव्हे.

शहजादा बसला आणि पाचशेहून जास्त द्विपदींचा ‘आरिफनामा’ उतरला. मैत्री संपली, साहित्य सुरू झालं.

सुरुवातच अशी की सभ्य घरात मोठ्याने वाचू नये. आरिफ माझ्याकडे का उतरला नाही? तर बरोबर कुणी कोवळा पोरगा असणार आणि तो माझ्या नजरेस पडू नये, म्हणून! आरोप करणारा कोण? ज्याच्या संग्रहात पोरांवर लाळ गाळणाऱ्या कविता जागोजागी आहेत तोच. मला त्यांत काडीची मौज वाटत नाही. किळस येते, आणि ‘त्या काळी चालायचं हो’ या चार शब्दांनी ती कमी होत नाही. पण मग शिवीगाळ करता करता आमचा शहजादा एकदम समाजशास्त्रज्ञ होतो. हे असले शौक का फोफावले? कारण बाया पडद्यात. पुरुषाला बाईचं तोंड दिसत नाही, मग तो भलतीकडे जातो. शास्त्र म्हणून हे कुठवर टिकेल तो भाग वेगळा. स्वतःच्या पापाचा जामीन म्हणून मात्र फार सोयीचं आहे.

आणि इथे तो प्रसिद्ध प्रसंग येतो. निवेदक दारात उभा. समोरून डोक्यापासून पायापर्यंत चादरीत गुरफटलेली एक बाई चाललेली. हा काहीतरी निरोपाचं निमित्त काढून तिला आत घेतो. गोड बोलतो, आग्रह करतो, आणि हळूच म्हणतो, चेहऱ्यावरचं तेवढं बाजूला करा. बाई उसळते. मला काय समजलात? मी तसली नव्हे! घरदार, अब्रू, नवरा, सगळं निघतं. गडी हुशार. चेहऱ्याचा विषय सोडून देतो आणि बाकीच्या प्रांतात शिरतो. बाकीच्या प्रांतात विरोध हळूहळू मावळतो. सगळं घडून जातं. आणि सगळं घडत असताना बाई दोन्ही हातांनी तोंडावरचा कपडा गच्च धरून आहे. कपडा जागचा हलत नाही. अब्रू शाबूत!

मग शहजादा भाषण देतो. शील कपड्यात नसतं, शिक्षणात असतं. बाईला शिकवा, तिला जग बघू द्या, मग ती स्वतःला राखेल. भाषण उत्तम. 1921 साली, मशहदसारख्या यात्रेच्या गावात बसून असं लिहिणं म्हणजे खेळ नव्हता. आणि पुरोगामी मंडळी गेली शंभर वर्षं हेच भाषण उचलून व्यासपीठावरून वाचतात. भाषण कोणत्या तोंडातून आलंय ते गाळून. अहो, शिकारी सांगतोय हरणाने सावध कसं राहावं ते! बाईला फसवून आत नेणारा, नाही म्हणणाऱ्या बाईला गोडीगुलाबीने ‘नाही’पासून हटवत नेणारा, आणि नंतर दोस्ताला उद्देशून बढाई मारणारा माणूस इथे स्त्रीशिक्षणाचा प्रवक्ता आहे. हे तुम्ही झाकलंत की उरतं ते शाळा खात्याचं परिपत्रक. बाईचा बुरखा काढला म्हणून स्वतःची पाठ थोपटणाऱ्यांनी तोच बुरखा नेऊन कवीला घातला.

पण हा सगळा दंश त्या विसंगतीतच आहे ना! तो निवेदक सज्जन असता तर कपड्याचा फोलपणा कुणाला कळला असता? कपडा फक्त कपड्याची राखण करतो, हे सिद्ध करायला तिथे एक हरामखोर लागतो. ईरजने तो घरचाच पुरवला. आता त्याला स्वतःच्या हरामखोरीची पुरती जाणीव होती का? मला वाटतं, अर्धी. उरलेल्या अर्ध्यावर तो खूष होता. म्हणूनच ती कविता वाचताना आपण एकीकडे हसतो आणि एकीकडे ओशाळतो. मुल्लांनी ती अश्लील म्हणून कापली, पुरोगाम्यांनी गैरसोयीची म्हणून. मुल्ला निदान खरं कारण सांगतात.

आता आईकडे वळू. आई म्हणजे सगळ्यांचं एकमत. ईरजची ‘मादर’ ही कविता इराणातल्या पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी शाळेत घोकली. आईने दूध प्यायला शिकवलं, चालायला शिकवलं, हसायला शिकवलं, अशी साधी, लोण्यासारखी कविता. चांगलीच आहे. मी दगड नाही. दुसरी आहे ‘कल्ब-ए-मादर’, आईचं काळीज. हिची गोष्ट तुम्ही ऐकलेली आहे. प्रेयसी म्हणते, तुझ्या आईचं काळीज आणून दे. पोरगा सुरी घेऊन जातो, आईची छाती फाडतो, काळीज घेऊन धावत सुटतो, ठेचकाळतो, आणि मातीत पडलेलं काळीज विचारतं, लागलं का रे बाळा? आपल्याकडे मातृदिनाला, कीर्तनात, शाळेच्या स्नेहसंमेलनात हीच गोष्ट सांगून वक्ते हुंदके काढून घेतात आणि ती अस्सल भारतीय संस्कृतीची म्हणून खपवतात. ईरजला ती बर्लिनहून निघणाऱ्या ‘ईरानशहर’ या फारसी मासिकामुळे मिळाली. मासिकाने जर्मनवरून आलेला मजकूर छापून कवींना म्हटलं, करा याचं पद्य. त्याआधी फ्रान्समध्ये जाँ रिशपँने त्यावर गाणं रचलेलं होतं. म्हणजे आपल्या संस्कृतीचं काळीज पॅरिस-बर्लिन-तेहरान फिरून आलंय. असो, पासपोर्ट कोण तपासतो.

मला छळणारा प्रश्न निराळा आहे. जिवंत आईची छाती चिरून काळीज बाहेर काढलं, रक्त गळतंय, आणि ही गोष्ट लहान मुलांना सांगायला योग्य. बाईचा चेहरा उघडा दिसला, तर अयोग्य! आई मेलेली असेल, फाडलेली असेल आणि तरीही पोराची चौकशी करत असेल, तर ती आदर्श स्त्री. जिवंत बाई रस्त्यावर तोंड उघडं टाकून चालली तर चिखल आणा. निवड करणाऱ्यांनी ईरजच्या कविता निवडल्या असं त्यांना वाटतं. त्यांनी स्वतःचंच चित्र काढलंय, आणि बरं ठसठशीत काढलंय.

आणखी एक ऐका, म्हणजे मामला पुरता अवघड होईल. मोहरममध्ये सुऱ्या-तलवारींनी डोकी फोडून घेणाऱ्यांची या गृहस्थाने यथेच्छ टर उडवली. आणि याच गृहस्थाने करबलात मारल्या गेलेल्या हुसेनपुत्र अली अकबरवर असा मर्सिया, म्हणजे शोककाव्य, लिहिला की मातमच्या बैठकांत तो ऐकून माणसं ढसाढसा रडतात. ईरजचा स्वतःचा तरुण मुलगा, जाफरकुली, आत्महत्या करून गेला होता. आता ठेवा याला कुठल्या खणात ठेवायचं ते. नास्तिक म्हणावं तर मर्सिया आड येतो, भाविक म्हणावं तर बाकीचा संग्रह.

राजकारणाने तरी त्याला सोडलं का? 1925च्या अखेरीस काजार घराण्याचं तख्त गेलं, रझा खानचा रझा शाह झाला. तीन महिन्यांत, मार्च 1926 मध्ये, ईरज तेहरानला हृदयविकाराने गेला. वेळ अचूक साधली. कारण दहाच वर्षांनी, जानेवारी 1936 मध्ये, रझा शाहने चादरीवर बंदी घातली आणि पोलीस रस्त्यात बायांच्या डोक्यावरून चादरी ओढू लागले. कित्येक जणींनी घराबाहेर पाऊल टाकणंच बंद केलं. शिकवा म्हणजे त्या स्वतः ठरवतील, हे ईरजचं म्हणणं. शाहने त्यातलं शिकवणं आणि ठरवणं वगळून उरलेलं अमलात आणलं. ईरज जिवंत असता तर त्याला पकडून राष्ट्रकवी केलं असतं आणि त्यानेही, मला दाट संशय आहे, एक कसीदा लिहून दिला असता. मग 1979 ची क्रांती. आता उलटी ओढाओढ. 1983 साली हिजाब नसेल तर फटके, असा कायदा आला. 2022 साली पोरी रस्त्यावर ओढण्या जाळू लागल्या तेव्हा जगाला अचानक कळलं की इराणात या कापडाबद्दल दोन मतं आहेत. एकशे एक वर्षं उशिरा का होईना, कळलं.

ईरजचा पूर्ण संग्रह 1960च्या दशकात मुहम्मद जाफर महजूब या अभ्यासकाने पाठ ताडून, टिपा देऊन काढला होता. आज तेहरानात तो असा राजरोस कुठल्या दुकानात मांडलेला दिसणार नाही. विद्यापीठासमोरच्या इन्किलाब रस्त्यावर फुटपाथवाल्याला हळूच विचारायचं, तो पिशवीत हात घालतो. क्रांतीच्या नावाचा रस्ता, आणि त्यावर चोरून विकला जातो तो कवी ज्याने क्रांती हा शब्द कवितेच्या डोक्यावर घालून कारकुनाच्या टाचण्या मोजल्या. सरकारी खर्चाने असा विनोद जमला नसता.

एक आक्षेप मला मान्य आहे, आणि तो करणारे लोक मला ‘निवडक’वाल्यांपेक्षा कितीतरी जवळचे वाटतात. ते म्हणतात, त्याच काळात फर्रुखी यझदी या कवीचे ओठ सुईदोऱ्याने शिवले गेले आणि पुढे तो तुरुंगात मेला. मीरझादे इश्की हा दुसरा कवी 1924 साली गोळ्या खाऊन मेला, तिशीच्या आसपास. आणि तुमचा ईरज? पगार घेत, बदल्यांवर कुरकुरत, वजिरांना सूर्य म्हणत बावन्नाव्या वर्षाला टेकला आणि बिछान्यात मेला. खरं आहे. शूर नव्हताच तो. शूरांच्या यादीत त्याला घुसवायला मी वकीलपत्र घेतलेलं नाही. पण फर्रुखी आणि इश्कीच्या पुतळ्यांना हार घालता येतो, ते सोपं जातं. ईरजला हार घालायला जा, तो हार घालणाऱ्याच्या धोतराला हात घालतो.

आणि लेखणी कशी होती, तर आयुष्याच्या शेवटी हा माणूस शेक्सपिअरची ‘व्हीनस अँड अडॉनिस’ फारसीत रचत होता. अडॉनिसचा केला मनुचेहर, सैन्यातला देखणा लेफ्टनंट, गणवेश, बूट, सुट्टीच्या दिवशी शिकारीला निघालेला. व्हीनसची केली झोहरा. देवी आकाशातून उतरून लेफ्टनंटसाहेबांच्या मागे लागते आणि साहेब लाजतात, शिस्तीच्या सबबी सांगतात. इथे पहिल्यांदाच ‘नाही’ म्हणणारा पुरुष आहे आणि चेहरा उघडा टाकून आग्रह करणारी बाई. आरिफनाम्याचं पारडं उलटं. हे त्याने जाणूनबुजून केलं की वृत्ताच्या ओघात झालं, यावर प्राध्यापकांनी खुशाल प्रबंध पाडावेत. कविता अपुरी राहिली. इतरांनी ती पुरी करण्याचा उद्योग केला, कारण जगात रिकामे लोक कमी नाहीत.

पुरलाय तो शमीरानात, झहीरुद्दौला कब्रस्तानात. शेजार मातब्बर आहे. कवी मलिकुश्शुअरा बहार तिथे आहेत आणि कवयित्री फुरूग फर्रुखझादही. म्हणजे जिच्या वतीने बोलायला कुठल्या शहजाद्याची गरज नव्हती ती बाई आता याच आवारात. दगडावरचा मजकूर ईरजने जिवंतपणीच रचून ठेवला होता. दुसऱ्या कुणावर सोपवला तर त्यातही ‘निवडक’ होईल, हे ओळखण्याइतका तो कारकून नक्कीच होता. त्यात स्वतःला त्याने मधुरभाषी म्हटलंय. आरिफ कझविनीला विचारा.